गुप्तलिपीचा ध्यास व विश्रांतीचें महत्त्व

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं आपल्यापुढें चार शब्द बोलावे अशी आज्ञा मंडळानें आम्हांस केली. उत्सवाचा दिवस म्हणजे काम बाजूस ठेवण्याचा दिवस. म्हणून ज्यांस काम बाजूस ठेवतां येत नाहीं, अशा माणसांविषयीं बोलण्याचें आम्ही योजिलें आहे. त्यासाठीं गुप्तलिपीचीं कोडीं सोडविणाऱ्यांचें उदाहरण घेतों.

एका अक्षराबद्दल दुसरें अक्षर किंवा चिन्ह योजून अर्थ लपविणें, ही गुप्तलिपीची साधी रीत. ती उलगडणारा अमुक चिन्ह म्हणजे अमुक अक्षर असा तर्क बांधतो व तो मजकुरास लावून पाहतो. तर्क जुळला नाहीं तर तो टाकून द्यावा लागतो. आणि थकलेल्या बुद्धीस हेंच साधत नाहीं.

अमेरिकेंतील येल विद्यापीठांत एक विलक्षण हस्तलिखित आहे. त्याचीं सुमारें २४० पानें असून त्यांत अनोळखी वनस्पतींचीं चित्रें व कोणासही वाचतां न येणारी लिपि आहे. त्याचें चर्मपत्र १४०४ ते १४३८ या काळांतील असल्याचें शास्त्रीय परीक्षेनें ठरलें आहे. सतराव्या शतकांत प्राग येथील वैद्य मार्सी यांनीं तें रोम येथें येशूसंघाचे विद्वान फादर किर्खर यांजकडे धाडिलें, आणि आधींचा मालक आयुष्याच्या अखेरपर्यंत त्याच्या उलगड्यासाठीं खपत राहिला, असें सोबतच्या पत्रांत कळविलें. १९१२ सालीं व्हॉयनिच नांवाच्या ग्रंथविक्रेत्यानें तें रोमजवळील फ्रास्काती येथें येशूसंघाकडून विकत घेतलें.

पुढें प्राध्यापक न्यूबोल्ड त्याच्या मागें लागले. अक्षरें भिंगाखालीं धरलीं असतां त्यांत सूक्ष्म रेषा दिसतात व खरा मजकूर त्या रेषांत आहे, असें त्यांनीं १९२१ सालीं जाहीर केलें. १९२६ सालीं ते वारले. त्यानंतर १९३१ सालीं प्राध्यापक मॅन्ली यांनीं दाखवून दिलें कीं, त्या रेषा म्हणजे जुन्या शाईस गेलेले तडे होत. न्यूबोल्ड विद्वान होते, प्रामाणिकही होते. परंतु जें दिसावें अशी ओढ लागली होती, तें त्यांस दिसूं लागलें.

दुसरें उदाहरण विल्यम फ्रीडमन यांचें. अमेरिकन लष्कराच्या गुप्तलिपि खात्यांतील त्यांच्या मंडळीनें जपानच्या परराष्ट्र खात्याच्या ‘पर्पल’ यंत्राची रचना, तें यंत्र डोळ्यांनीं न पाहतां, १९४० च्या सप्टेंबरांत उलगडली. त्यामागें सुमारें दीड वर्षाचे श्रम होते. परंतु १९४१ च्या आरंभीं फ्रीडमन यांची मानसिक प्रकृति ढासळली व कित्येक आठवडे त्यांस रुग्णालयांत काढावे लागले. यश आलें तरी शरीरानें आपलें येणें सोडलें नाहीं. विश्रांति घेऊन ते परतले व पुढें वर्षानुवर्षें काम करीत राहिले. येलमधील तें हस्तलिखित त्यांनींही १९४४ सालीं हातीं घेतलें, पण उलगडा झाला नाहीं. १९६९ सालीं ते निवर्तले.

आपणांपैकीं गुप्तलिपि सोडविणारे थोडेच असतील. परंतु न जुळणारा जमाखर्च, न सुटणारें गणित, मोबाइलवरचें कोडें हीं घरोघरीं आहेत. “एवढें एक झालें कीं उठतों,” असें म्हणतां म्हणतां ताट निवतें, आणि लेंकरानें हांक मारली तर राग येतो. तो राग आला कीं समजावें, आतां कोडें आपल्या हातांत नसून आपण कोड्याच्या हातांत आहों. अशा वेळीं तें मिटून ठेवावें, घरच्यांबरोबर जेवावें व झोपावें. रात्रीं दोन वाजतां पटलेला तर्क सकाळीं पुन्हां तपासावा. न्यूबोल्ड यांच्या रेषा आपणांसही दिसूं शकतात.

प्रेषित काम करून परतले, तेव्हां प्रभूनें त्यांस एकांतीं येऊन थोडा विसावा घेण्यास सांगितलें. लोकांची गर्दी तर तेव्हांही ओसरली नव्हती. तिसऱ्या आज्ञेंतही सर्व कामें संपल्यावर विसावा घ्यावा, अशी अट नाहीं. कांहीं कुलुपें आपल्या हयातींत उघडावयाचीं नसतात. तीं तशींच ठेवून निजणें ही नम्रता आहे. ती आपणां सर्वांस लाभो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.