बलोपासना आणि केंद्राचे क्रीडामंत्रालय



मठाच्या वर्धापनोत्सवात दिल्लीतील एका मंत्रालयाचा विषय निघावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मारुतीच्या देवळाला लागून तालीम, ही आपल्याकडची जुनी रीत. आखाड्याच्या मातीला नमस्कार केल्यावाचून कोणी मातीत उतरत नसे. बलोपासनेला धर्माचरणाचे अंग मानणाऱ्या समाजाने, त्या उपासनेचा भार आज कोणाच्या शिरावर आहे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

स्वतंत्र भारतात आरंभी क्रीडेस निराळे खातेच नव्हते. १९८२ साली दिल्लीस नववे आशियाई खेळ भरले, त्या निमित्ताने क्रीडाविभाग निर्माण झाला. १९८५ च्या आंतरराष्ट्रीय युवक वर्षात त्यास युवककार्याची जोड मिळाली. आणि स्वतंत्र मंत्रालय झाले ते २००० साली. हा विलंब कोणास भोवला? कऱ्हाडजवळील गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी वर्गण्या गोळा कराव्या लागल्या, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण टाकले. १९८४ साली खाशाबा अपघातात निवर्तले. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जात होता. खाशाबांच्या नावे तो लागला २००० साली, मरणोत्तर. मंत्रालयाचा जन्म झाला त्याच वर्षी सन्मान घरी आला, पण तो घेणारा हात उरला नव्हता.

मंत्रालयालाही मर्यादा आहेत, हे न्यायाने म्हटले पाहिजे. घटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे क्रीडा हा राज्यांच्या सूचीतील विषय. दिल्लीच्या हाती मुख्यतः अनुदान आणि मान्यता. खेळांचे महासंघ आपल्या जागी स्वायत्त. त्या स्वायत्ततेत किती अंधार साचू शकतो, हे २०२३ साली महिला कुस्तीगिरांना जंतरमंतरावर न्यायासाठी धरणे धरावे लागले तेव्हा सर्व देशाने पाहिले. पुढे २०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा केला. त्याची फळे दिसावयास अवधी लागेल.

परंतु ग्वाल्हेरच्या भक्तमंडळींना याहून जवळची अशी एक गोष्ट आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबविद्या पुन्हा प्रचारात आणली. निजामाच्या मल्लांचे आव्हान स्वीकारल्यावर ते वणीच्या सप्तशृंगीस जाऊन बसले आणि तेथे मारुतीच्या कृपेने त्यांना ही विद्या सुचली, अशी परंपरा आहे. पेशव्यांबरोबर ही विद्या ब्रह्मावर्तास गेली, आणि तेथे लहानग्या मनूनेही मल्लखांब केला, असे सांगतात. तीच मनू पुढे झाशीची राणी झाली आणि १८५८ साली ग्वाल्हेरच्या भूमीवर धारातीर्थी पडली. सत्तावनच्या युद्धास शंभर वर्षे झाली तेव्हा, १९५७ साली, केंद्र सरकारने याच नगरात तिच्या नावे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. ते आज अभिमत विद्यापीठ असून क्रीडामंत्रालयाच्या अखत्यारीत आहे.

मल्लखांबाला मात्र राजमान्यतेसाठी फारच थांबावे लागले. २०२० च्या डिसेंबरात मंत्रालयाने गटका, कलारिपयट्टू व थांग-ता यांच्यासमवेत त्याचा युवकांच्या ‘खेलो इंडिया’ स्पर्धांत समावेश केला. त्याच वर्षी उज्जैनच्या योगेश मालवीय यांना मल्लखांबासाठी द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला होता, आणि २०२१ चा अर्जुन पुरस्कार हिमानी परब या मुलीने मिळविला. मनूनंतर कित्येक पिढ्या आपल्या तालमींची दारे मुलींना बंद होती, हे येथे स्मरले तर अप्रस्तुत होणार नाही. तो दोष सरकारचा नव्हता.

मंत्रालय मैदान देईल, पारितोषिक देईल. पहाटे दिवा लावून बसणारा वस्ताद ते धाडू शकत नाही. तो मठांच्याच आवारांतून निपजत आला आहे. पुरलेल्या मल्लखांबाला चांगला सागवानी अथवा शिसवी खांब आणि एरंडेल लागते. दोरीच्या मल्लखांबाला दोर टांगावयास एक भक्कम तुळई असली म्हणजे झाले. जुन्या मठांच्या सभामंडपांत तशा तुळया पुष्कळ आहेत.