रुळांमधला क्ष

पुणे–मिरज लोहमार्ग सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली असा उतरत जातो. त्याचे दोन रूळ एकमेकांपासून १,६७६ मिलिमीटरवर असतात. सरळ टप्प्यात ते समांतर रेषाच. एखादा सरळ रस्ता त्यांना तिरका ओलांडतो, तेव्हा तो छेदिका ठरतो आणि आठ कोन तयार होतात.

आठही मोजायची गरज नाही! एक कळला की पुरे.

समजा, संगत कोनांच्या, म्हणजे दोन्ही रुळांवर सारख्याच जागी असलेल्या कोनांच्या, एका जोडीत पहिला कोन ३क्ष + १० अंशांचा आणि दुसरा ५क्ष − ३० अंशांचा आहे. रूळ समांतर, म्हणून दोन्ही समान. दोन्ही बाजूंतून ३क्ष वजा करून ३० मिळवले की ४० = २क्ष उरते. क्ष २०, कोन ७० अंशांचा. मग चार कोन ७० अंशांचे, चार ११० अंशांचे. इथे भूमितीने समीकरण मांडून दिले, बीजगणिताने ते सोडवले. अज्ञात संख्येला चिन्ह देऊन समीकरण सोडवण्याची रीत भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच ‘बीजगणित’ ग्रंथात सविस्तर मांडली होती.

बालभारतीच्या आठवीच्या गणिताच्या पुस्तकात समांतर रेषा दुसऱ्या प्रकरणात, एकचल समीकरणे थेट बाराव्यात. शिक्षकांनी ही दोन प्रकरणे मुद्दाम जोडून शिकवावीत, कारण खरी गंमत त्या जोडणीतच आहे.

संगत कोन समान असतात; छेदिकेच्या एकाच बाजूला, दोन रुळांच्या मध्ये असलेल्या आंतरकोनांची मात्र बेरीज १८० अंश असते. तिथे ‘समान’ लिहिले की गणित फसते. श्रोत्यांनी कागद घ्यावा: छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन २क्ष + १५ आणि ३क्ष − १० अंशांचे आहेत. क्ष ३५ येतो, कोन ८५ आणि ९५ अंशांचे.