भिंतीवरची लक्ष्मी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ‘रोकोको’ नावाची चित्रशैली होती. नाजूक गुलाबी-निळे रंग, लडिवाळ वळणे आणि विषय पुष्कळदा पुराणातल्या देवीचा. बुशे या चित्रकाराने १७४० साली समुद्रावरच्या व्हीनस देवीचे तैलचित्र काढले. ते स्वीडनच्या राजदूताने घेतले. अशी चित्रे बड्यांच्या दिवाणखान्यातच राहत.

आपल्याकडे राजा रविवर्म्यांनी तेलरंगांची युरोपी रीत आत्मसात केली. देवी मात्र आपल्या रंगविल्या. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथे चित्राच्या एकेका रंगासाठी वेगळा दगड असे. रंगावर रंग चढत लक्ष्मी पुरी होई. रंगारंगाचे धागे भरत चादरीवर नक्षी कशी उठते, हे सोलापूरच्या बायकांना मी काय सांगावे!

या छापील चित्रांनी मोठे काम केले. जिला देवळाची पायरी चढू देत नसत, तिलाही कमळावरची लक्ष्मी आपल्या भिंतीवर लावता आली.

आणि भगिनींनो, बायकांनी ती नुसती लावली नाही. कित्येकींनी त्या कागदावर जरीचे काठ शिवले, टिकल्या-मणी लावले, देवीला खऱ्या कापडाचे लुगडे नेसवले. चित्राखाली रविवर्म्यांचे नाव राहिले. टिकली लावणारीचे नाव कोठेच नाही.

मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत गेला. म्हणजे आता त्या काळचे जे काही उरले आहे, त्यातले पुष्कळसे आपल्यासारख्यांच्या घरांतच आहे. आणि आपण काय करतो? घराला रंग काढला, की काच तडकलेली जुनी तसबीर पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवतो. पाप लागू नये म्हणून हात जोडतो आणि पाठ फिरवतो. देवीला नमस्कार पोचतो. आजेसासूबाईंची सुई मात्र पावसात भिजते.

माझे मागणे लहानसे आहे. तसबीर बाहेर काढण्यापूर्वी उजेडात एकदा नीट पाहा. टाके दिसले, तर घरातल्या सर्वांत वडील बाईला विचारा, हे कोणी केले? ते नाव जाड कागदावर लिहून चौकटीच्या मागे लावा. ओल्या भिंतीवरून तसबीर हलवा, काच बदलून घ्या. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आपण घट मांडतोच. त्याच दिवशी हेही होऊन जाईल.

नावे सांगू शकणाऱ्या म्हाताऱ्या आपल्यात आहेत, तोवरच हे विचारून घ्यायला हवे.