उजाळा आणि मुलामा



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला विचारले, "स्पोर्ट्‌स मोटारीच्या एंजिनाचे भाग घासून चकचकीत करावेत की त्यांवर लेप चढवावा, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? ज्याच्या दारी अशी मोटार असेल तो पाहून घेईल!" स्नेह्यांचे म्हणणे वरवर पाहता खोटे नाही. परंतु हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरात फार जुना आहे. पितळेचे पातेले आपण बाहेरून चिंचेने आणि राखेने घासून लख्ख करतो. आतून मात्र त्याला कथलाची कल्हई लावून घेतो. बाहेर उजाळा, आत मुलामा. आतली कल्हई कोणी हौसेने खरडून काढली, तर त्या पातेल्यातली आमटी कळकल्यावाचून राहत नाही. कोठे घासावे आणि कोठे झाकावे हे त्या भांड्याच्या कामावरून ठरते. एंजिनाच्या बाबतीतही हेच खरे आहे, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

प्रथम दोन प्रसिद्ध उदाहरणे पाहू. १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनात जॅग्वार कंपनीने 'एक्सके १२०' ही मोटार मांडली. तिचे बॉनेट उघडले की दोन कॅमशाफ्टांवरील ॲल्युमिनियमची दोन लांब झाकणे आरशासारखी चमकताना दिसत. पुढे १९५७ साली इटलीतील फेरारी कंपनीने शर्यतीसाठी 'टेस्टा रोसा' ही मोटार काढली. टेस्टा रोसा म्हणजे लाल डोके. आणि हे नाव पडले ते तिच्या एंजिनाच्या झाकणांना दिलेल्या लाल रंगामुळे. झाकणांचे काम दोन्हीकडे एकच: आतले तेल आत ठेवावयाचे आणि बाहेरची धूळ बाहेर. एकाने घासले, दुसऱ्याने रंगविले, आणि दोन्ही मोटारी वेगासाठी नावाजल्या. तेव्हा वेगाचा या चकाकीशी संबंध नाही, हे आधी मनाशी पक्के करावे.

मग फरक कशात आहे? तो धातूच्या स्वभावात आहे. ॲल्युमिनियम उघड्या हवेत आला की लगोलग आपल्याच ऑक्साइडचे एक पांघरूण अंगावर घेतो. हे पांघरूण किती पातळ? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतले दोन-चार भाग एवढेच. तरीही कोरड्या हवेत तेवढे पुरते. आपण पॉलिशने घासतो तेव्हा हे पांघरूण काढून टाकतो. ते पुन्हा येते, पुन्हा मळते आणि आपण पुन्हा घासतो. म्हणून उजाळा हे एकदा करून संपणारे काम नव्हे. शिवाय प्रत्येक घासण्यात थोडा धातू जातो. ओतकामाच्या वेळी उमटलेले अंक आणि खुणा बफिंगच्या चाकाखाली एकदा पुसल्या गेल्या की त्या पुन्हा आणता येत नाहीत. जुन्या मोटारीच्या बाबतीत त्या खुणा म्हणजे तिचा जन्मदाखला असतो.

हेच पांघरूण जाड करता आले तर? १९२३ साली इंग्लंडमध्ये बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक आम्लात विजेच्या साह्याने ते करून दाखविले. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवावयाचे होते. यालाच ॲनोडायझिंग म्हणतात. हा लेप बाहेरून चिकटविलेला नसून धातूतूनच वाढविलेला असतो, म्हणून त्याचा पापुद्रा सहजासहजी सुटत नाही. मात्र ओतीव ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन पुष्कळ असले, तर त्यावर हा थर करडा आणि डागाळ दिसतो. आरशाची हौस असणाऱ्याची तेथे निराशा होते.

राहिला रंग किंवा पारदर्शक लॅकर. येथे आमचीच एक फजिती सांगतो. आमच्याकडे पुष्कळ वर्षे एक मोटारसायकल होती. तिच्या एंजिनाची झाकणे दर रविवारी घासून आम्ही कंटाळलो आणि एका उन्हाळ्यात त्यांवर पारदर्शक लॅकर चढविला. वाटले, आता जन्माची सुटका झाली! पावसाळा आला आणि गेला. दिवाळीच्या सुमारास पाहतो तो लॅकरच्या खाली पांढऱ्या दोऱ्यासारख्या वेड्यावाकड्या रेषा पसरलेल्या. एखाद्या ओरखड्यातून दमट हवा आत शिरली होती आणि झाकणाखाली धातू खात सुटली होती. वरून कितीही घासा, हात तेथवर पोचत नव्हता. शेवटी सारा लॅकर उतरवून पहिल्यापासून आरंभ करावा लागला. घासलेला धातू बिघडला तर निदान डोळ्यांना दिसतो. झाकलेला बिघडला तर उशिरा कळतो. चूक लॅकरची नव्हती. एकदा झाकले की पाहावयाचे कारण नाही, ही आमची समजूत चुकीची होती.

काही धातूंना मात्र झाकल्यावाचून गत्यंतर नाही. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमहूनही हलका. म्हणून मोटार बनविणाऱ्यांना त्याचा मोह पडतो. १९६८ पासून काही वर्षे पोर्शे ९११ या मोटारीचे क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. परंतु त्याचे नैसर्गिक पांघरूण दमट आणि खारट हवेत टिकत नाही. ते घासून चमकविणे म्हणजे शत्रूला दार उघडून देणे होय. तेथे रासायनिक थर आणि वर रंग, हाच मार्ग.

आता याच्या उलट बाजू पाहा. एंजिनात एक भाग असा आहे की त्याचा उजाळा शोभेसाठी नसून जिवासाठी असतो. तो म्हणजे कनेक्टिंग रॉड. मिनिटाला पाच हजार फेरे होतात तेव्हा तो दर सेकंदाला ८३ वेळा ताणला आणि दाबला जातो. धातूलाही थकवा येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी आगगाडीच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून हे दाखवून दिले. या थकव्याची भेग बहुधा पृष्ठभागावरच्या एखाद्या ओरखड्यातून सुरू होते. म्हणून शर्यतीच्या एंजिनातील रॉड त्याच्या लांबीच्या दिशेने घासून गुळगुळीत करतात. आडवा घासला तर उलट भेगेलाच जागा करून दिल्यासारखे होते. हा रॉड मोडला तर एंजिन फोडून बाहेर येतो. हे काम बॉनेट उघडून पाहणाऱ्याला दिसत नाही. पण साऱ्या एंजिनातला सर्वांत मोलाचा उजाळा तोच.

उष्णतेविषयीही एक समज आहे. काळा रंग दिला की एंजिन थंड राहते, असे म्हणतात. चकचकीत ॲल्युमिनियम उष्णता फार थोडी प्रारित करतो आणि रंगविलेला पुष्कळ अधिक, हे खरे. परंतु त्या तापमानाला साधा पांढरा रंगही जवळजवळ काळ्याइतकेच काम करतो. शिवाय पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनाची उष्णता मुख्यतः पाणी आणि रेडिएटर वाहून नेतात. झाकणाच्या रंगाने फारसे बिघडत नाही. एक्झॉस्टच्या ओतीव लोखंडाची गोष्ट निराळी. तेथे साधा रंग जळून जातो. जॅग्वारने त्यावर काचेचा मुलामा, म्हणजे चिनी एनॅमल, भट्टीत वितळवून चढविला होता.

तात्पर्य काय? कोणी विचारले की घासू की झाकू, तर आपण त्याला तीन प्रश्न विचारावेत. हा भाग काय काम करतो? तो कोणत्या धातूचा आहे? आणि त्याची काळजी पुढे कोण घेणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुस्तकात मिळतात. तिसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याने प्रामाणिकपणे द्यावयाचे असते. ज्याला दर रविवारी तासभर फडके घेऊन बसण्याची हौस आहे, त्याने खुशाल घासावे. पण हात हलका ठेवावा आणि खुणा जपाव्यात. ज्याला तेवढा वेळ नाही त्याने लेप द्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र लेप देण्यापूर्वी भाग धुऊन, भेगा तपासून घ्याव्यात आणि नंतरही वर्षातून एकदा, विशेषतः पावसाळा संपल्यावर, दिवा धरून पाहावे.

आपल्याकडे कल्हईवाला आधी पातेले खरवडून स्वच्छ करतो, मगच नवसागर टाकून कथील फिरवतो. घाणीवर कल्हई बसत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. आम्ही ते लॅकरचा डबा संपवून शिकलो.