पाणी जाते कोठे?

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मी इतिहासाचा शिक्षक. मोटारीच्या इंजिनाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, हे प्रथमच कबूल करतो. तथापि गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी जे घडले, ते आपणांस सांगावेसे वाटते.

माझे थोरले बंधू शहापूर-मुरबाड मार्गावर प्रवासी जीप चालवितात. सात माणसांचा चरितार्थ त्या एका गाडीवर आहे. एप्रिलमध्ये लग्नाचे वऱ्हाड घेऊन माळशेज घाट चढताना इंजिन तापले. तेव्हापासून रोज सकाळी पाहावे तो रेडिएटरमधील पाणी लिटरभर कमी! जमिनीवर मात्र थेंबही दिसेना. भाई रोज बोअरचे पाणी ओतीत आणि गाडी बाहेर काढीत. असे तीन आठवडे चालले.

शेवटी एका गॅरेजवाल्याने इंजिनाला हातही न लावता निदान केले, "हेड गॅस्केट गेले. इंजिन उघडावे लागेल." खर्चाचा आकडा ऐकून वहिनींनी हातांतील बांगड्या उतरवून भाईंपुढे ठेवल्या.

त्या संध्याकाळी मी गावातील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "मास्तर, इंजिन उघडायची घाई कशाला? पाणी जातं कुठं, ते आधी बघू."

दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन थंड असताना, त्यांनी काम सुरू केले. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, हे त्यांनी आधी बजावले. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. परंतु झाकणामुळे आत दाब राहतो आणि तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण काढताच दाब जातो आणि उकळते पाणी तोंडावर उसळते. गळतीमुळेही हा दाब टिकत नाही. म्हणून चढावर इंजिन लवकर उकळते.

प्रथम त्यांनी ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइलमध्ये पाणी मिसळले तर ते दुधाळ चहासारखे दिसते. आमचे ऑइल स्वच्छ होते. सायलेन्सरमधून पांढरा धूरही येत नव्हता. मग त्यांनी रेडिएटरच्या तोंडावर दाबमापक असलेला हातपंप बसविला, झाकणावर लिहिलेला दाब दिला आणि आम्हांस स्वस्थ बसण्यास सांगितले. दहा मिनिटांत काटा खाली आला. बॅटरी घेऊन त्यांनी एकेक होज, एकेक क्लिप पाहिली. अखेर वॉटर पंपाच्या दांड्याखालील बारीक छिद्रातून एक थेंब लोंबताना दिसला. भोवती वाळलेल्या पाण्याचा पांढरट डाग होता.

गाडी चालू असताना तो थेंब पंख्याच्या वाऱ्याने तापलेल्या लोखंडावर उडे आणि तेथेच वाळे. जमिनीवर दिसणार कसा? ते छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तेथून बाहेर येते आणि मालकाला इशारा मिळतो. इशारा रोज मिळत होता. आम्ही फक्त पाणी ओतीत होतो. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार साचविले, ते वेगळेच.

नवा पंप व पॅकिंग बसविले, क्षार धुऊन काढले, कूलंट व डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात भरले, इंजिन चालू ठेवून आतील हवा जाऊ दिली. पुन्हा दाब देऊन पाहिला; काटा हलला नाही. बांगड्या वहिनींच्या हातांत परत गेल्या.

मित्रहो, 'गळती' हा शब्द आम्हां शिक्षकांच्याही वहीत आहे. दर जूनमध्ये आम्ही पटावर नवी नावे भरतो आणि संख्या पुरी झाली म्हणून समाधान मानतो. दिवाळीनंतर कोणी आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातो, कोणा मुलीचे दप्तर घरातील कामासाठी खुंटीला लागते. जाताना आवाज होत नाही, जमिनीवर डाग पडत नाही. यंदा माझ्या वर्गातील चार जागा रिकाम्या आहेत. त्या चार घरी मी अजून गेलेलो नाही, हे सांगताना मला संकोच वाटतो. या रविवारी पहिल्या घरी जाणार आहे.