राजाच्या नावाने केलेली सही



स्वागताध्यक्षाने चार गोड शब्द बोलावेत, निवासाची आणि जेवणाची व्यवस्था सांगावी आणि खाली बसावे, अशी रीत आहे. पण यंदाच्या परिषदेचा विषय ‘लहान राष्ट्रे आणि त्यांचे सुरक्षा धोरण’ असा असल्यामुळे एका डॅनिश मुत्सद्द्याची कहाणी आपल्यापुढे ठेवण्याचा मोह मला आवरत नाही.

हेन्रिक कौफमान यांनी रोम, चीन-जपान आणि नॉर्वे इथे डेन्मार्कचे काम पाहिले आणि 1939 साली ते वॉशिंग्टनला रुजू झाले. 9 एप्रिल 1940 रोजी जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या. काही तासांत सरकारने शरणागती पत्करली. राजा दहावा ख्रिश्चन आणि मंत्रिमंडळ जागच्या जागी राहिले, पण जर्मनांच्या पहाऱ्यात. कौफमान यांनी अमेरिकी सरकारला कळवून टाकले, की जर्मनांच्या दडपणाखालच्या कोपनहेगनचे हुकूम मी मानणार नाही.

नुसती घोषणा करणे सोपे असते. कसोटी पुढे लागली ती ग्रीनलँडवरून. जर्मनांनी ते बेट घेतले तर अमेरिकेच्या दाराशी धोका येणार होता. तिथल्या इविटूटच्या खाणीतले क्रायोलाइट ॲल्युमिनियम गाळायला लागे, म्हणजे विमाने बांधायला लागे. युरोपातल्या हवामानाचा अंदाजही तिथल्या नोंदींवरून बांधता येई. त्यामुळे बरोबर एका वर्षाने, 9 एप्रिल 1941 रोजी, कौफमान यांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांच्याबरोबर करार केला. ग्रीनलँडवर डेन्मार्कचे सार्वभौमत्व कायम, पण विमानतळ आणि संरक्षण अमेरिकेकडे. सही राजाच्या नावाने. राजाला विचारले नव्हते, मंत्रिमंडळालाही नाही. कोपनहेगनने त्यांना बडतर्फ केले आणि राजद्रोहाचा आरोप ठेवला. अमेरिकेने मात्र ती बडतर्फी मानलीच नाही.

इथे थोडे थांबू या. आपल्या सरकारने काढून टाकलेला अधिकारी यजमान देशाच्या आशीर्वादावर वकिलात चालवतो, तेव्हा तो नेमका कोणाचा माणूस? कौफमान यांच्या चाहत्यांनाही हा प्रश्न टाळता येत नाही. माझ्यापुरते उत्तर असे: सरकारच्या तोंडावर हात ठेवलेला असताना त्याला काय बोलायचे असेल हे ओळखणे, हा मुत्सद्द्याचा अधिकार आहे, मात्र तो हात निघाला, की अधिकारही संपला.

1945च्या मे महिन्यात डेन्मार्क मुक्त झाला. संसदेने आरोप मागे घेतले, कराराला मान्यता दिली आणि बंडखोर राजदूताला मंत्रिमंडळात बिनखात्याचे मंत्रिपद मिळाले. सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर डेन्मार्कच्या वतीने सही करणाऱ्यांत ते होते. 1949 साली उत्तर अटलांटिक करारावर परराष्ट्रमंत्री गुस्ताव्ह रासमुसेन यांच्या जोडीला पुन्हा त्यांचीच सही. तटस्थतेवर विसंबून राहिलेला देश नाटोच्या संस्थापकांत बसला, त्यात या माणसाचा वाटा मोठा.

पण 1941च्या करारात एक पाचर होती. अमेरिका खंडाच्या शांततेला असलेला धोका टळला असे दोघांनी मान्य करेपर्यंत करार चालू राहील, असे त्यात म्हटले होते. जर्मनी हरला, पण अमेरिकेला धोका टळल्यासारखे वाटेना. उलट 1946 साली तिने ग्रीनलँड विकतच मागितले, दहा कोटी डॉलर देऊ केले. डेन्मार्कने नकार दिला. अमेरिकी सैन्याने निघावे ही कोपनहेगनची इच्छा वॉशिंग्टनच्या कानी घालताना कौफमान तिची धार बोथट करीत, असे त्यांच्या चरित्रकाराचे, बो लिडेगार्ड यांचे, म्हणणे आहे. युद्धात जडलेली सवय शांततेत सुटली नाही, असे मला वाटते. अखेर 1951 साली नवा करार झाला, थुले इथे हवाई तळ उभा राहिला आणि 1953 साली तिथल्या इनुइट कुटुंबांना उत्तरेला कानाककडे हलवण्यात आले.

त्या कुटुंबांना कोणी विचारले? 1941 साली ग्रीनलँडच्या दोन्ही गव्हर्नरांची संमती होती खरी, पण एस्के ब्रुन आणि अक्सेल स्वाने हे दोघेही डॅनिश अधिकारी. ग्रीनलँडच्या स्वतःच्या प्रतिनिधीची, योसेफ मोट्झफेल्ट यांची, सही या संरक्षण व्यवस्थेवर उमटायला 2004 साल उजाडावे लागले. डोनाल्ड ट्रम्प यांनी ग्रीनलँडची मागणी पुन्हा लावून धरल्यापासून ही जुनी कागदपत्रे जगभर उघडली जात आहेत. ती वाचताना लहान देशाकडे आपण बघतोच, पण त्याच्या पोटातल्या त्याहून लहान समाजाकडेही बघा, एवढेच माझे सांगणे.

मित्रहो, दोन दिवसांत कौफमान यांना देशभक्त ठरवणारे आणि मर्यादा ओलांडणारा अधिकारी ठरवणारे, असे दोन्ही पक्ष इथे उभे राहावेत. विद्यार्थ्यांनी ज्येष्ठांचा मुलाहिजा न ठेवता प्रश्न विचारावेत आणि ज्येष्ठांनी ते रागावर न घेता उत्तरे द्यावीत. निवासात किंवा भोजनात काही उणे वाटले तर आमच्या स्वयंसेवकांना हक्काने सांगा.