मोर राहिला, चित्ता गेला
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



देवळाचा जीर्णोद्धार निघाला की खांबांवरचे मोर, हत्ती, सिंहही नव्या रंगात उजळून निघतात. रानातल्या जिवांचे तसे होत नाही.

आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळी शिकार ही नुसती हौस नव्हे, तर दरबारी रिवाज होता. गोरा साहेब पाहुणा आला की शिकारीचा बेत ठरलेलाच. सहावे निजाम महबूब अली खान वाघाच्या शिकारीसाठी नामांकित होते.

राजेरजवाड्यांच्या पदरी पाळीव चित्तेही असत, ते काळवीट धरण्यासाठी. पायी माणूस दिसला की काळविटांचा कळप उधळतो, पण बैलगाडी त्याच्या रोजच्या पाहण्यातली. म्हणून चित्त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी चढवून त्याला गाडीवरून कळपाजवळ नेत आणि मग टोपी काढून सोडत. धाव विजेसारखी, पण दम थोडा. पहिल्या झपाट्यात काळवीट सापडले नाही तर स्वारी मुकाट्याने बसून राही. सापडले तर चित्तेवान लाकडी पळीत रक्त पाजून त्याला शिकारीवरून सोडवी.

एवढी बडदास्त ठेवूनही चित्ता बंदिवासात वीत नसे. जहांगीर बादशहाने एका विणीची नोंद केली, ती अपवादच. म्हणजे दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला. शिवाय माळ नांगराखाली गेले, बंदुका वाढल्या. पुढे कोल्हापूर दरबाराला चित्ते आफ्रिकेतून मागवावे लागले. १९५२ साली देशातून चित्ता संपल्याचे जाहीर झाले. पुन्हा आणले गेले ते नामिबियाहून, मध्य प्रदेशातल्या कुनोत, १७ सप्टेंबर २०२२ रोजी. मराठवाड्याच्या मुक्तिदिनीच, हा योगायोग!

मोर मात्र आपल्याकडे राहिला. १९६३ साली तो राष्ट्रीय पक्षी झाला, १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण मिळाले आणि १९९४ साली पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य झाले, सुमारे ३० चौरस किलोमीटरचे. कोणी म्हणेल, कार्तिकेयाचे वाहन म्हणून वाचला. पण वाघही देवीचे वाहन, तरी त्याच्यावरची बंदूक काही खाली झाली नाही. मोर वाचला त्यात शेतकऱ्याचा वाटा मोठा. पेरलेले बी उकरणारा हा पाखरू शेतकऱ्याने गोफण फिरवून हुसकावला, पण मारला नाही. हे नुकसान सोसणाऱ्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

आता धोका निराळा आहे. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेले असते. ते नीट मातीआड करावे, बांधावर सांडू नये. आणि चैत्र-वैशाखात ओढे आटले की देवळामागे एक दगडी डोण पाण्याने भरून ठेवावी. त्यासाठी पावतीपुस्तक लागत नाही.